छापायच्या आधी वाचायचं

अगं, जवळ ये की जरा! अशी दारातूनच काय विचारतेस, "मावशी, मासिक फुकट वाटता, मग ते चालतं कशावर?" देणगीवर चालतं. सरकारच्या योजना, धोरणं साध्या माणसाला कळावीत म्हणून आम्ही नांदेडहून ते काढतो, अन् जाहिराती घेत नाही. आमची एक रीत आहे. लेख ज्या गावाचा, त्या गावात तो छापायच्या आधी मोठ्यानं वाचायचा.

गेल्या वर्षी देणगी देणाऱ्या संस्थेच्या बाई आमचं काम बघायला आल्या. देणगी पुढं द्यायची का नाही, हे त्याच ठरवणार होत्या. मी त्यांना लोह्याजवळच्या एका गावात नेलं, अन् ओट्यावर बसून जमलेल्या बायांपुढं माझाच लेख ऐटीत वाचला, की इथं घरोघरी नळ आलाय.

मागून एक म्हातारी म्हणाली, "हाव, आलाय ना! लई मजबूत हाय. आमी वासरू बांधतो त्याला."

बाया खो खो हसल्या. मी गावात न फिरता नुसत्या सरकारी कागदावरून लिहिलं होतं. वाटलं, गेली देणगी!

पाहुण्या बाईंनी हसतच विचारलं, "आजी, अन् पाणी?"

"पाणी यायचंय अजून. ह्या बाईचा लेख आधी आला."

तो लेख मी तिथंच फाडला, अन् घरोघरी फिरून नवा लिहिला. देणगी चालू राहिली. "तुमची चूक छापायच्या आधी सापडते, म्हणून देतो," असं त्या बाई जाताना म्हणाल्या.

आता अहमदपूरकडच्या एका शाळेवर लिहिलंय. पुढच्या आठवड्यात वाचणार आहे. चुका काढायला तू पण ये गं, लवकर ये.