ठरवून हरलेली मॅच

आमची विद्यापीठाची टीम बास्केटबॉलमध्ये सलग दोन वर्षं चॅम्पियन होती हे कळलं की लोक कौतुकाने विचारतात, काय मस्त वाटलं असेल ना? मी हो म्हणते. काय सांगणार, आपलेच दात आणि आपलेच ओठ.

पहिल्या वर्षीची फायनल मी बाकावर बसून पाहिली. आमच्या कोच सरांनी मला एक मिनिटसुद्धा कोर्टवर उतरवलं नाही. दुसऱ्या वर्षी मी कॅप्टन झाले. ते माझं शेवटचं वर्ष होतं आणि मला एकच गोष्ट हवी होती, फायनल खेळायची. हरू नाहीतर जिंकू, पण बाकावरून बघायची नाही. बाबा इथे दिल्लीत, केंद्राच्या एका मंत्रालयात नोकरीला. त्यांच्या ऑफिसातल्या सगळ्यांची मुलं यूपीएससीची तयारी करत होती आणि मी बॉल आपटत बसले होते, हे ते जेवताना रोज ऐकवायचे. आई मात्र सकाळी न चुकता दोन डबे भरायची, एक माझा आणि एक माझ्या मैत्रिणीचा.

ही मैत्रीण म्हणजे टीममधली दुसरी मराठी मुलगी. फरीदाबादहून यायची, मेट्रोत माझ्यासाठी जागा धरून ठेवायची. इतरांशी आमचं हिंदी चालायचं, एकमेकींशी मराठी. तिचं मराठीही तसं अर्धं हिंदीच होतं, पण ते बोलायला कोणीतरी होतं. मला सख्खी बहीण नाही. मी तिला तशीच धरून चालले होते.

त्या वर्षी स्पर्धा आमच्याच विद्यापीठात भरली. दोन गट होते. आमच्या गटातल्या पहिल्या दोन मॅच आम्ही जिंकलो, एक बाकी असतानाच सेमीफायनल पक्की झाली. तेवढ्यात दुसऱ्या गटात घोळ झाला. हरियाणातली एक उंच मुलींची टीम होती, तिची सगळ्यांना धास्ती. ती नेमकी एक मॅच हरली आणि दुसऱ्या नंबरवर गेली. म्हणजे आम्ही आमच्या गटात पहिल्या आलो असतो तर सेमीफायनलला त्याच समोर, आणि दुसऱ्या आलो तर सोप्या टीमशी गाठ. एवढं गणित मलाही येत होतं. पण मुद्दाम हरायचं, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. चॅम्पियन होतो ना आपण.

गटातल्या त्या शेवटच्या मॅचच्या दिवशी सकाळी मेट्रोत मैत्रीण आईच्या डब्यातलं थालीपीठ खाता खाता म्हणाली, "आज जरा आरामात खेळ ना यार. क्वालिफाय तर झालोच आहोत."

"आरामात खेळायला मी काय बागेत आलेय?" मी म्हटलं. ती मोबाईलमध्ये बघायला लागली.

मॅच सुरू झाली आणि मला कळेना, या मुलींना झालंय काय. पास उशिरा येत होते. बास्केटखाली उभं राहून घातलेले बॉल बाहेर जात होते. मी तिघींना हिंदीत झापलं, हिला मराठीत झापलं. शेवटी बाहेर चाललेल्या एका बॉलमागे मी झेप घेतली, पाय समोरच्या मुलीच्या बुटावर पडला आणि घोटा मुरगळला. उठताच येईना. ही धावत आली. मी तिचा हात धरून म्हटलं, "आता तू सांभाळ. ही मॅच जाऊ देऊ नकोस." ती "हो" म्हणाली.

मॅच गेली. माझं लिगामेंट फाटलं होतं, पायाला प्लास्टर बसलं. सेमीफायनल टीमने सहज मारली. फायनलला समोर हरियाणाचीच टीम आली, आणि जिला घाबरून एवढा खटाटोप केला तिलाच आमच्या मुलींनी हरवलं. माझ्या जागी ही खेळली, फार सुंदर खेळली. मी कुबड्या घेऊन बाकावर होते आणि वेड्यासारख्या टाळ्या वाजवत होते.

दुपारी कँटीनमध्ये छोले-भटुऱ्यांची पार्टी होती. सर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बेटा, उस मैच में तू जान लगाकर खेली, तभी किसी को शक नहीं हुआ." मला वाटलं, चेष्टा करतायत. मी टेबलाभोवती पाहिलं. सगळ्या मूग गिळून बसल्या होत्या. सगळ्यांना माहीत होतं. माहीत नव्हतं ते फक्त कॅप्टनला.

मी उठून बाहेर आले. ती मागोमाग आली.

"सरांनीच सांगितलं होतं, तुला कळू द्यायचं नाही. तुझ्या तोंडावर सगळं दिसतं यार."

"आणि मी पडले होते तेव्हा? तू मला हो म्हणालीस."

"तू रडत होतीस. मी काय बोलणार होते?"

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच. मला तिच्या कानाखाली एक ठेवून द्यावीशी वाटली. पण समोर पायऱ्या होत्या आणि कुबड्यांनी त्या उतरायची मला सवय नव्हती. तिने हात पुढे केला. मी तो धरला, कारण दुसरं कोणी नव्हतं.

खाली बाबा गाडी घेऊन उभे होते. त्यांनी तिची पाठ थोपटली. म्हणाले, "शाबास पोरी. तू होतीस म्हणून हिचा जीव भांड्यात पडला."

"थँक यू काका," ती म्हणाली, आणि माझ्या कुबड्या नीट मागच्या सीटवर ठेवून तिने दार लावलं.

गेटबाहेर पडेपर्यंत मी कशीबशी दम धरून होते. मग मला इतकं रडू आलं की आवरेना. बाबांना वाटलं, खड्ड्यांमुळे पाय दुखतोय. त्यांनी गाडी हळू घेतली.