अक्कलकोटच्या रांगेतून परत

कुणी कापूर पेटवला की आजही मला अक्कलकोटच्या मठाबाहेरची ती रांग आठवते.

उन्हाळ्याची दुपार होती. माझा पाच वर्षांचा सुहास सोलापूरच्या दवाखान्यात तापानं फणफणला होता. डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा सासूबाईंना त्याच्याजवळ बसवून मी एसटीनं अक्कलकोट गाठलं. रांग हलत नव्हती. मी कठड्याला धरून हमसून हमसून रडत होते. लोक नजर चुकवत होते.

कठड्यापलीकडे बोटं झडलेली एक म्हातारी भीक मागत बसली होती. बायका तिच्यापासून पदर सावरून चालत. तिनंच विचारलं, "काय झालं गं, यव्वा?"

मी सगळं सांगितलं.

"लेकरू कुणाला हाका मारतंय?"

"मलाच. सारखं आई, आई करतोय."

"मग हितं कशाला हुबी हाईस? देवाला तुजं रडणं कुटूनबी ऐकू येतंय. लेकराला न्हाय येत. जा, त्याच्यापाशी बस."

मी रांग सोडली आणि मिळेल त्या जीपनं परतले. वॉर्डात शिरले तेव्हा सुहासनं डोळे उघडले. "आलीस?" म्हणाला आणि माझा अंगठा घट्ट धरला. संध्याकाळी त्याची मूठ सैल पडली.

दर्शन घेतलं असतं तर तो वाचला असता, असं वाटून पुढे कितीतरी दिवस मी त्या म्हातारीला शिव्याशाप दिले. आता देत नाही. देवाकडे मागितलेला सुहास मला मिळाला नाही, पण त्याचं ते "आलीस?" तिच्यामुळे ऐकायला मिळालं. त्या एका शब्दावर मी इतकी वर्षं काढली आहेत.