न सापडलेलं पातं

आमच्या ह्यांना धक्क्यावर सगळे मिस्त्री म्हणतात. बोटींची इंजिनं दुरुस्त करण्यात छत्तीस वर्षं गेली. नखांतलं काळं आता कुठल्याच साबणाला दाद देत नाही. माणूस सरळ, पण हट्टी म्हणजे किती हट्टी! डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा, तर हे डॉक्टरांनाच विचारतात, "कशावरून?" घरात चमचे धुतले तरी मोजून ठेवतात. "कुणी पळवून नेणार आहे का तुमचे चमचे?" असं मी चिडून म्हटलं की ठरलेलं उत्तर येतं, "उघडताना जेवढं होतं, तेवढं बंद करताना हवं." आता बोला! अशा माणसाबरोबर मी चाळीस वर्षं काढलीत.

लेकीच्या लग्नात ह्यांनी स्वतःची शिडाची बोट तिला देऊन टाकली, त्याला तीन वर्षं झाली. परवा जावयांना दूरच्या बंदरात नोकरी लागली आणि दोघांनी ठरवलं, बोटीनंच जायचं. आठ दिवसांचा प्रवास. आणि नेमकं निघायच्या आदल्या दिवशी इंजिन तापायला लागलं. हळू चालवलं की ठीक, जोर दिला की तापमानाचा काटा चढलाच. पोरीला पाठवायचं ह्यांच्या आधीच जिवावर आलं होतं, त्यात हे निमित्त मिळालं. "ज्याला इंजिन गार ठेवता येत नाही, त्याच्या भरवशावर मी पोरीला समुद्रात सोडणार नाही," असं सगळ्यांसमोर म्हणाले. लेकीचं तोंड एवढंसं झालं. बापाचा शब्द मोडून ती निघाली नसती, हे मला ठाऊक होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही चौघं बोटीवर गेलो. ह्या इंजिनाला समुद्राचंच पाणी गार करतं. ते तळाच्या कॉकमधून, म्हणजे तोटीतून, आत येतं, गाळणीतून पंपात जातं, पंपातून कूलरमध्ये, आणि इंजिनाची उष्णता घेऊन धुराबरोबर मागच्या नळीनं बाहेर पडतं. ह्यांनी त्या नळीखाली हात धरला. "पाणी निम्मंच येतंय."

"बाबा, कॉक पूर्ण उघडा आहे," जावई म्हणाले. "गाळणी धुतली. पंपाचा पट्टा घट्ट आहे. पंपही उघडून पाहिला."

पंपात रबरी पात्यांचं एक चक्र फिरत असतं. एखादं पातं तुटलं तर ते पाण्याबरोबर पुढे जातं आणि कूलरच्या बारीक नळ्यांत अडकतं. म्हणून तुटलेला प्रत्येक तुकडा सापडल्याशिवाय पंप बंद करायचा नाही, हे निम्म्या धक्क्याला ह्यांनीच शिकवलंय.

"गेल्या वर्षी चक्र बदललंत तेव्हा पाती मोजली होतीत?" ह्यांनी जावयांना विचारलं.

"मोजली होती. सहाच्या सहा जागेवर होती, नुसती झिजली होती."

"तुटलं असणार एखादं. घाईत तुम्हाला दिसलं नसेल."

"बाबा, तो सांगतोय ना मोजली म्हणून!" लेक म्हणाली खरी, पण आवाजात जोर नव्हता. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं. त्या पाहण्यातली शंका मला दिसली, तशी जावयांनाही दिसली. ते उठून वर डेकवर गेले. लेकही मागोमाग गेली.

मला असा संताप आला! "झालं समाधान?" मी म्हटलं.

"टॉर्च धर," हे म्हणाले.

कॉक बंद करून ह्यांनी कूलरच्या टोकाचं झाकण काढलं. गढूळ पाणी बादलीत पडलं. आतल्या नळ्यांच्या तोंडावर क्षारांचं जाड पुट जमलं होतं. ते चिमट्यानं खरवडलं, तर आतून बोटाच्या पेराएवढा रबराचा तुकडा निघाला.

"बघ! सांगत होतो ना!" असं म्हणत ह्यांनी तो पुसला आणि टॉर्चच्या उजेडात धरला. रबर तपकिरी होतं.

जावई काळी चक्रं वापरतात. तपकिरी चक्रांचा अख्खा खोका ह्यांनी कधीकाळी एका बंद होणाऱ्या दुकानातून उचलला होता. बोट लेकीला देण्याआधी त्यातलं शेवटचं तुटकं चक्र ह्यांनीच काढलं आणि काळं बसवलं. जावयांचा त्याला हातही लागला नव्हता. तीन वर्षं तो तुकडा तिथंच अडकून होता, त्याच्याभोवती क्षार साचत गेले आणि आता पाणी अडलं.

हे मूठ आवळून बसून राहिले. कानशिलं लाल झाली होती. खरं सांगते, इतकी चिडले होते तरी मला वाटलं, टाका तो बादलीत आणि विषय संपवा. मी मेले तरी कुणाला सांगितलं नसतं.

हे उठून वर गेले. मीही मागून गेले. दोघांसमोर ह्यांनी मूठ उघडली.

"हे पातं माझ्या वेळचं. दोन तुटली होती, मला एकच सापडलं. लग्नाची गडबड होती. म्हटलं, गेलं असेल धुराबरोबर बाहेर, आणि केला पंप बंद. जावईबापू, तुमचं काम चोख होतं. मी नाही नाही ते बोललो."

जावयांनी तुकडा उलटसुलट करून पाहिला. "खाली चला बाबा, नळ्या साफ करून घेऊ," एवढंच म्हणाले. लेकीनं नवऱ्याचा दंड धरला आणि रडायलाच लागली.

दुपारपर्यंत नळ्या साफ झाल्या, झाकणाला नवं पॅकिंग बसलं. इंजिनाला अर्धा तास पूर्ण जोर दिला, काटा हलला नाही. भरतीबरोबर दोघं निघाली.

बोट लांब गेल्यावर मी ह्यांना विचारलं, "कशाला सांगितलंत? छत्तीस वर्षांचं नाव आहे तुमचं."

हे म्हणाले, "सकाळी पोरगी नवऱ्याकडे कशी बघत होती, पाहिलंस ना? तशीच बघत ती जन्मभर राहिली असती. आणि तसं बघायला तिला मी शिकवलं असतं."