सगळ्या गोळ्या एका वाटीत

मागच्या थंडीत आमच्या कांचघर मोहल्ल्यातल्या घरात आई परतली. तिला जाऊन बरीच वर्षं झालीत. पण आली ती सरळ माझ्या गळ्यातून. स्वयंपाकघरातून मी "चहा झाला" म्हटलं आणि आवाज निघाला तिचा. जाड, घोगरा, शेवटाला फाटणारा.

बाहेरून बाबा म्हणाले, "आलो, आलो, बाईसाहेब!"

बाईसाहेब फक्त आई होती. मी बेटा.

गाळणीतला चहा कपाबाहेर गेला. आणि खोटं कशाला बोलू, मजाही वाटली. गणपतीच्या नाटकांत मी चेटकिणी केल्या, सासवा केल्या, एकदा हत्तीही केला. पण ही भूमिका न मागता मिळाली होती.

मग आरसाही तिचा झाला. सुजलेले डोळे, विरळ भुवया, उन्हात बसूनही अंगावर शाल. तिला थायरॉइड होता, मलाही. मी विझत चाललेय आणि ती जागा घेतेय, असं वाटायला लागलं. आता मजा संपली.

डॉक्टरांनी गोळी वाढवली. मग जोडीला थायरॉइडच्याच दुसऱ्या हार्मोनची इवलीशी गोळी दिली. रिपोर्ट हलेना. शेवटी त्यांनी विचारलं, "दीदी, लेती कैसे हो?"

आमच्याकडे औषध देवाला दाखवल्याशिवाय पोटात जात नाही. पूजा झाली की बाबा सगळ्या गोळ्या एका वाटीत घालून देवापुढे ठेवतात. थायरॉइडच्या, कॅल्शियमची, लोहाची. मग सगळ्या एकदम, दुधाबरोबर. आईलाही ते अशाच द्यायचे.

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. "कॅल्शियम, आयरन, दूध, ये थायरॉइड की गोली को लगने ही नहीं देते! वो खाली पेट, सिर्फ पानी से. बाकी रात को."

घरी येऊन बाबांना सांगितलं. ते देव्हाऱ्याकडे बघत राहिले. "म्हणजे तिचंही…" मग म्हणाले, "आता तो आवाज जाईल?"

"तुम्हाला खरंच आई वाटायची?"

"पागल आहे का? तूच आहे, ठाऊक होतं मला. पण ओ द्यायला काय जातं?"

दुसऱ्या सकाळी पूजेच्याही आधी वाटी देवापुढे होती. आत फक्त थायरॉइडच्या गोळ्या, शेजारी पाण्याचा पेला. बाबांनीच ठेवलेलं. "घे. काहून बघून राहिली?"

थंडी सरता सरता माझा गळा मोकळा झाला. एका सकाळी मी "चहा झाला" म्हटलं, खणखणीत, माझ्याच आवाजात.

बाहेर काहीच हललं नाही. मग खुर्ची सरकली.

"आलो, बेटा."