नऊ मात्रा आणि बाबांचा उजवा हात

आधीच कबुली देऊन टाकतो — या सदरातले अनुभव मी इतकी वर्षं निव्वळ हसायला म्हणून वाचत आलोय. पिंपळाखालची बाई, आपोआप सरकणारी कडी... बायकोला मोठ्याने वाचून दाखवायचो आणि वर शेरे मारायचो. विक्रोळीच्या एका कारखान्यात मी चौतीस वर्षं क्वालिटी इन्स्पेक्शनला काढली. गेज लावायचं, माप बसलं तर पास, नाही बसलं तर बाजूला. असल्या माणसाचा अशा गोष्टींवर विश्वास बसणार कसा? खरं सांगू, आजही बसलेला नाही. यात भूत नाहीच, तेव्हा घाबरायला आला असाल तर निराशा होईल. पण जे झालं ते माझ्या कुठल्याच गेजमध्ये बसत नाही, म्हणून लिहायला घेतलंय.

माझं वय एकसष्ट. राहायला घाटकोपर पश्चिमेला, भटवाडीत. घरात मी, बायको नंदा आणि माझे वडील, वय सत्त्याऐंशी. आणि मी ड्रमर आहे. हो, रॉक बँडमधला ड्रमर. हसा, सवय आहे मला.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आम्हा चौघांचा एक बँड होता, त्याचं नाव 'पत्रा'. हे नाव पडलं बाबांमुळे. बाबा देवगडकडचे, इथे गिरणीत कामाला, आणि भजनात पखवाज वाजवायचे. कोकणातली डबलबारी ज्यांनी ऐकलीय — दोन बुवा समोरासमोर बसून रात्रभर भजनाचा सामना करतात ती — त्यांना माहीत असेल पखवाजवाल्याला काय मान असतो. बाबा समोर बसले की पलीकडचा पखवाजी आधी तांब्याभर पाणी प्यायचा, असं लोक सांगायचे. त्यांची इच्छा एकच, की मी पखवाज शिकावा. मी अकराव्या वर्षी दोन धडे घेऊन जो पळालो तो थेट कॉलेजात ड्रम्सवर जाऊन बसलो. कोणी विचारलं, मुलगा काय करतो, की बाबा सांगायचे, "माझो झील पत्रो बडवता!" झालं, बँडला फुकटात नाव मिळालं.

एकदा माझ्या हातात स्टिक्स बघून म्हणाले, "काठयेन ढोरां हाकतत रे. वाद्य हातान वाजवतत." त्यानंतर या विषयावर आमचं बोलणं बंद. भांडण नाही, अबोला नाही, बाकी सगळं छान. पण माझ्या एकाही शोला ते आले नाहीत. आमची एकुलती एक कॅसेट निघाली, ती त्यांनी कधी लावू दिली नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या तरी मला वाटायचं, घरात ज्याला खरं कळतं त्याने आपल्याला ऐकलेलंच नाही. हे मला फार लागायचं, आणि साठी उलटली तरी लागायचं थांबलं नव्हतं.

मग त्यांना पॅरालिसिसचा झटका आला. उजवा हात गेला, बोलणं गेलं. आठ महिने नुसते हुंकार. डॉक्टर म्हणाले, या वयात जेवढं आहे तेवढं टिकवा. मीही मनातल्या मनात ती फाईल बंद केली. आता ते ऐकणार कधी, आणि ऐकलं तरी सांगणार कसे?

अशात एके दिवशी फोन आला. मुलीचा आवाज. "काका, मी गार्गी, मालाडहून बोलतेय. बेस गिटार वाजवते. आम्ही तुमचा ट्रिब्यूट बँड आहोत, म्हणजे तुमचीच गाणी वाजवतो."

मला वाटलं, फ्रॉड कॉल. म्हटलं, "ट्रिब्यूट? अगं बाई, आम्ही अजून जिवंत आहोत!"

तर झालं होतं असं, की आमची कॅसेट कोणीतरी नेटवर चढवली आणि चार पोरं तिच्या प्रेमात पडली. बँडचं नाव काय, तर 'नवा पत्रा'. अंधेरीत त्यांचा शो होता आणि शेवटच्या गाण्याला मी पाहुणा म्हणून बसावं अशी त्यांची इच्छा. आमच्या मूळ चौघांपैकी दोघं परदेशात, एकाने गिटार ठेवून मसाल्यांची एजन्सी घेतलेली. उरलो मीच. नंदा म्हणाली, "जा हो. घरात वाटी-चमच्यावर वाजवून माझं डोकं खाता, त्यापेक्षा तिकडे खा."

मालाडला त्यांच्या प्रॅक्टिस रूमवर गेलो आणि पहिल्याच दिवशी वाट लागली. गाणं मधल्या गिटार सोलोपर्यंत झकास आलं. सोलो संपला, आठ मात्रांनी मी बरोब्बर समेवर आलो — म्हणजे जिथे सगळ्यांनी एकत्र यायचं असतं तिथे — आणि बाकीची तिन्ही पोरं एक मात्रा मागे कोसळली.

"काका, तुम्ही चुकलात," गार्गी म्हणाली.

"अगं, गाणं माझं, मीच बसवलंय ते!"

तिने फोनवर कॅसेटचं रेकॉर्डिंग लावलं. तिथे नऊ मात्रा. आणि मग मला सगळं आठवलं... रेकॉर्डिंगच्या दिवशी मी त्या जागी गडबडलो होतो, एक मात्रा जास्त वाजवली होती. स्टुडिओची वेळ संपली म्हणून ती चूक तशीच राहिली. पस्तीस-छत्तीस वर्षं मी त्या नवव्या मात्रेची लाज बाळगून होतो, आणि या पोरांनी ती पोथीसारखी पाठ केलेली! वर मला सांगतात, "काका, तीच तर त्या गाण्याची जादू आहे. आठ केलंत तर लोक ओरडतील." मग काय करता? पुढचे तीन आठवडे मी घरी बसून स्वतःचीच चूक घोटत होतो. ती काही केल्या गोड लागेना. नववी मात्रा आली की पायरी आहे समजून पाय टाकावा आणि पायरी नसावी, तसं व्हायचं.

शो रविवारी दुपारी चारचा. अंधेरी पश्चिमेला वीरा देसाई रोडच्या आतल्या बाजूला जुन्या गाळ्यांचं एक रेस्टॉरंट केलंय, तिथे. बाबांना सांभाळणाऱ्या मावशी रविवारी येत नाहीत, म्हणून नंदा घरी थांबली. निघताना बाबांना वाकून नमस्कार केला. म्हटलं, "बाबा, वाजवायला चाललोय." ते भिंतीकडे बघत होते, तसेच बघत राहिले.

मेट्रोत सिक्युरिटीवाल्याने बॅगेतल्या स्टिक्स काढून विचारलं, "अंकल, ये किसलिए?" मी म्हटलं, "बजाने के लिए." त्याने मला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि जाऊ दिलं.

आत शंभरेक लोक असतील. निम्मे विशीतले, आणि निम्मे आमच्या वेळचे, पोटं सुटलेले, शर्ट इन केलेले. माझ्या कारखान्यातले तिघं तर डबे खाऊन आल्यासारखे एका रांगेत बसले होते. शेवटच्या गाण्याला माझं नाव पुकारलं आणि जो काही गलका झाला... मी लाजलो, हे लिहायला मला लाज वाटत नाही. त्यांचा ड्रमर उठला, मला खुर्चीवर बसवलं, चक्क पाया पडला. पायाखाली पेडल आलं आणि माझे गुडघे दुखायचे थांबले. याचं स्पष्टीकरण मात्र मला माहीत आहे, त्याला आनंद म्हणतात.

गाणं सुरू झालं. लोक शब्द न् शब्द गात होते. सोलो संपत आला, मी मनात नऊची तयारी केली. आणि तिथे माझे हात माझे राहिले नाहीत. घाबरू नका, अंगात वगैरे काही आलं नाही. मी पूर्ण शुद्धीत होतो, समोरचा टकलू माणूस पोरीला खांद्यावर घेऊन नाचत होता तोही दिसत होता. पण हात वेगळंच काहीतरी वाजवू लागले. तीन मात्रांचा एक तुकडा. पुन्हा तोच. पुन्हा तोच, आणि धाडकन समेवर. तीन त्रिक नऊ.

तिहाई होती ती. भजनवाले गजर संपवताना वाजवतात तशी, तोच तुकडा तीनदा. मी ती कधीही शिकलेलो नाही. दोन धड्यांत तिहाई येत नाही, तिथे 'धा' काढतानाच दिवस जातो. पण ती त्या नऊ मात्रांत अशी बसली, की जणू ती जागा तिच्यासाठीच मोकळी ठेवली होती. इतक्या वर्षांची ती चूक चूक राहिलीच नाही! गार्गीने वळून बघितलं, तोंड उघडंच. पोरं समेवर अशी आली, की समोरच्या टेबलावरचे ग्लास हलले. लोकांनी ते गाणं पुन्हा वाजवायला लावलं. दुसऱ्यांदा मात्र माझ्या हातून साध्या नऊ मात्राच आल्या.

सात वाजता घरी पोचलो. नंदा दारातच उभी. मला वाटलं, शो कसा झाला विचारेल. तर म्हणाली, "अहो, आधी आत या. बाबांनी आज काय केलं बघा."

ती स्वयंपाकघरात मेथी निवडत होती. टीव्ही बंद, फोन ओट्यावर. ठोकल्याचा आवाज आला. तिला वाटलं, वरच्यांकडे सुतारकाम चाललंय. आवाज थांबेना म्हणून बाहेर आली, तर बाबा पलंगावर बसून समोरच्या जेवणाच्या टेबलावर वाजवत होते. दोन्ही हातांनी. उजव्यासुद्धा! ती धावत जाऊन फोन घेऊन आली. व्हिडिओ जेमतेम पावणेदोन मिनिटांचा. मान ताठ, डोळे मिटलेले, आणि शेवटी... तीन मात्रांचा तुकडा. पुन्हा तोच. पुन्हा तोच. मग हात खाली पडले आणि ते झोपून गेले.

व्हिडिओ बघून मी आधी रडलो, उजवा हात हलला म्हणून. मग माझं लक्ष वेळेकडे गेलं. पाच वाजून बारा मिनिटं. शेवटचं गाणं साधारण तेव्हाच चालू होतं. माझ्यातला इन्स्पेक्टर जागा झाला. नंदाला काही बोललो नाही. उगाच माणूस आशेने वेडं होतं.

मंगळवारी बाबांचा तो व्हिडिओ माझ्या फोनवर घेऊन मालाडला गार्गीकडे गेलो. तिने शोचं पूर्ण रेकॉर्डिंग केलं होतं. लॅपटॉपवर दोन्ही आवाजांच्या रेघा तिने एकाखाली एक लावल्या. कडेला फोनचं घड्याळ. मी चष्मा पुसून बसलो, फरक शोधायलाच बसलो होतो. गार्गी एकेक ठोका सरकवत पुढे जात होती. माझा ठोका, खाली बाबांचा. माझा, बाबांचा. अंधेरी आणि घाटकोपर, मध्ये एवढा पसारा, आणि रेघा जुळत होत्या.

"काका, हे कॅसेट ऐकून पाठ असेल ना त्यांना?" तिने विचारलं.

"कॅसेटवर ही तिहाई आहे?"

ती पुन्हा रेघांवर वाकली. मग म्हणाली, "एक मिनिट. फक्त शेवटचा ठोका बघा." तिने तो भाग मोठा केला. तेवढा एकच ठोका जुळत नव्हता. माझा किंचित आधी पडला होता, बाबांचा त्याच्या मागून. मी लयीच्या पुढे धावलो होतो. ते नव्हते धावले.

घरी आलो. नंदा आत पोळ्या लाटत होती. मी तिला अजून काहीच सांगितलं नव्हतं, घरात कोणालाच काही माहीत नव्हतं. बाबांच्या शेजारी बसलो, त्यांचा उजवा हात हातात घेतला आणि विचारलं, "बाबा, ऐकलंत? कसं वाजवलं मी?"

त्यांनी मान माझ्याकडे वळवली. ओठ हलले. हुंकार आला, मग घशात काहीतरी जुळून आलं. आठ महिन्यांनी पहिल्यांदा.

"शेवटाक... घाई केलंस, मेल्या."

मी उठून नाचायला लागलो. अक्षरशः. नंदा लाटणं घेऊनच धावत आली. "काय झालं? काय झालं?"

"बाबा बोलले!"

"अगं बाई! काय म्हणाले?"

"मी चुकलो म्हणाले!"

तिने आधी माझ्याकडे, मग बाबांकडे बघितलं. बाबा हसत होते. अर्ध्याच ओठांनी, पण हसत होते. मग लाटणं हातात घेऊन ती पण रडायला लागली.

डॉक्टरांना सगळं सांगितलं. हात हलणं, शब्द परत येणं — होतं म्हणाले कधी कधी. व्हिडिओ जुळण्याबद्दल म्हणाले, योगायोग. असेल. मी चौतीस वर्षं मापं घेतलेला माणूस आहे, पावणेदोन मिनिटांचा योगायोग मला अजून पचत नाही. त्यांच्याकडून माझ्याकडे आलं, की माझ्याकडून त्यांच्याकडे गेलं, हेही कळलेलं नाही. इथे कोणाला काही सुचत असेल तर जरूर सांगा. आता हसणार नाही.

बाबा अजून फार बोलत नाहीत. दिवसाकाठी दोन-चार शब्द, आणि त्यातले निम्मे पेज पातळ झाल्याबद्दल. परवा गार्गीचा फोन आला, पुढच्या महिन्यात पुन्हा शो आहे, दुपारचाच. फोन ठेवून मी बाबांना विचारलं, "येणार का? व्हीलचेअरने नेतो." नाही म्हणतील अशी मनाची तयारी केली होती. त्यांनी उजव्या हाताचं बोट हळूहळू उचललं आणि कपाटाकडे दाखवलं. नंदाने भजनाला घालायचा त्यांचा पांढरा सदरा बाहेर काढला आणि इस्त्रीला देऊन आली.