बुर्जी

आमच्या घरच्या बुद्धिबळात एक नियम होता. समोरच्याचे सगळे मोहरे मारून राजा एकटा पाडला, तर तो विजय नाही. त्याला बुर्जी म्हणायचं आणि डाव बरोबरीत सोडायचा. जिंकायचं असेल तर राजापाशी निदान एक प्यादं राहू द्यायचं आणि मग मात करायची. लग्नानंतरच्या पहिल्याच उन्हाळ्यात मी नवऱ्याचं होतं नव्हतं ते सगळं मारून ऐटीत बसले, तर हे म्हणतात, "राजाले एकटं पाडलं त तू काय जितली? सोबतीले एखादं तरी ठेव ना."

मला वाटलं, रडीचा डाव आहे. पुढे कळलं की ही जुनी देशी पद्धत. दुसऱ्या मुलखांत राजा एकटा पडला की खुशाल विजय मानत. आमच्याकडे प्यादंसुद्धा पहिल्या चालीला एकच घर जायचं, दोन नाही. हाच खेळ इराणमार्गे युरोपात गेला आणि तिकडे वजिराची राणी झाली. वजीर असताना बिचारा तिरपं एकेक घर सरकायचा. राणी झाल्यावर काही काळानं तिनं सगळा पटच ताब्यात घेतला. हे मी यांना मोठ्या तोऱ्यात वाचून दाखवलं. हे म्हणाले, "आपल्या घरी काय नवीन हाय त्यात?"

तेव्हा आम्ही भनपुरीला राहायचो. हे सिलतऱ्याच्या कारखान्यातून आले की चहा आणि व्हरांड्यात पट. हवेतल्या काजळीनं पांढरे मोहरे इतके काळवंडायचे की डावाआधी ते पुसून घ्यावे लागत. आता शंकर नगरच्या फ्लॅटमध्ये मी एकटी असते. मोहरे डब्यात आहेत. ते पुसायचा मला कंटाळा येतो, आणि खरं सांगायचं तर पुसून मांडायचे कुणासाठी?

मुलगा बंगलोरला. त्यानं फोनवर बुद्धिबळ घालून दिलं. रविवारी सकाळी आम्ही खेळतो, फोन स्पीकरवर असतो. इकडे हिंदी मुलखात वाढलेला, मराठी त्याला सगळं समजतं, पण बोलतो हिंदीत. डाव संपला की त्याचं ठरलेलं वाक्य येतं, "चलो आई, रखता हूँ." म्हणजे डाव जितका लांबेल तितकंच आमचं बोलणं. म्हणून मी हार मानत नाही. वजीर गेला, हत्ती गेले, तरी राजाला या घरातून त्या घरात फिरवत बसते, आणि तेवढ्यात त्याला जेवलास का, ताप उतरला का, विचारून घेते. तो वैतागतो. "आई, हार मान लो ना, कुछ बचा नहीं है." मला काय उरलं नाही ते दिसत असतं.

गेल्या रविवारी डाव सुरू होतानाच तो म्हणाला की आता दर रविवारी जमणार नाही, काम वाढलंय. मी "हव, ठीक हाय" म्हटलं. मग माझं खेळात लक्षच लागेना. बघता बघता माझ्याकडे राजा उरला आणि कडेचं एक प्यादं, सुरुवातीपासून जागचं न हललेलं. मुलाचा हत्ती त्या प्याद्यावर सरळ नेम धरून होता. ते मारलं की आणखी दोन-चार चालींत सगळं आटोपणार होतं, आणि पुढचा रविवार कधी, कोण जाणे.

त्यानं हत्ती हलवला, पण भलतीकडेच.

"प्यादं दिसून नाही राहिलं काय तुले?" मी विचारलं.

"दिख रहा है." मग थांबून, अडखळत, मराठीत म्हणाला, "राजाले एकटं नाही पाडत ना, आई. बाबा म्हणत."

मला एकदम भरून आलं, आणि त्याच्या मागोमाग रागही आला. तोंडातून निघूनच गेलं, "राजाले नाही पाडत. अन् आईले?"

मला वाटलं, आता तो फोन ठेवेल.

"आई," तो म्हणाला, "चाल तुझी हाय."

फोनवरच्या खेळात प्यादं दोन घरं जाऊ शकत होतं. मी एकच घर सरकवलं.