शालनबाईंचं 'येतंय'

शालनबाई मेल्या.

वाचून कसंतरीच झालं असेल. मलाही लिहिताना झालं.
पण 'गेल्या' हा शब्द आमच्या बालवाडीत चालत नाही, आणि तो नियम खुद्द बाईंचाच.

आमच्या गोव्यात, पेडण्याला, निघताना कोणी 'जातंय' म्हणत नाही. 'येतंय' म्हणायचं. अभद्र बोलू नये म्हणून मोठी माणसं पाळतात. बाईंनी त्याच एका शब्दावर अख्खी शाळा चालवली.

दर महिन्याच्या शेवटी पालकांच्या ग्रुपवर त्यांचा व्हॉइस मेसेज यायचा. टाइप करा म्हटलं तर म्हणायच्या, "लिवलेला कोण वाचता गो? ओरडलेला ऐकतत."

"आयांनो, आणि बापांनो, तुमीय ऐका. नखां कापा. रुमाल पिनेन लावा. डब्यात चिप्स घालू नका. उंडो पाव घाला, पोळी घाला, कायय घाला, पण पोटाक लागात असा घाला. आणि पोरांक सोडून चोरासारखे पळू नका. तोंडार सांगा, येतंय. आणि मगे या."

मी त्यांची असिस्टंट. एकदा म्हटलं, बाई, दर महिन्याला तेच तेच काय सांगता?
"मगे नखांक सांग, वाढू नका म्हणान."
झालं. मी नखं तपासायला लागले.

जूनमध्ये विभा आली. तिची आई मांद्र्याच्या एका गेस्टहाउसमध्ये कामाला. पोर खेळात रमली की ती हळूच सटकायची. मग विभाने मान वर केली की शाळा डोक्यावर.
बाईंनी तिला गेटवर गाठलं. "रडांदी तिका. पण सांगान जा."
आणि विभाला म्हणाल्या, "येतंय म्हटल्यार येवचाच लागता. आई येतली."
आली. दुसऱ्या दिवशीही आली. हळूहळू विभाचं रडणं थांबलं.

गेल्या शनिवारी बाईंनी गणपतीच्या चवथीचा मेसेज टाकला. वर्गात मूर्तीच्या वर फळांची टांगतात त्या माटोळीला बांधायला प्रत्येकाने एकेक फळ आणा, "घरच्या पोरसातला आणा. म्हापशाच्या बाजारातला आणलात तर माका वासान कळता."
मग छत्री घेतली, दारात वळल्या. "येतंय हां पोरांनो."
सगळी ओरडली, "या!"

रविवारी दुपारी जेवून आडव्या झाल्या. उठल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, हार्ट.

त्यांच्या घरून आल्यावर मी आंघोळ केली, भात लावला, जेवले. भांडी घासली.
रडू आलं नाही. अजून आलेलं नाही. कोणी विचारलं तर 'बरी आहे' म्हणते, आणि तसं खोटंही नाही. आत काही हलतच नाहीये.

शाळा उघडली तेव्हा मुलं फळं घेऊन आली. काकड्या, म्हणजे आमची तवशी, चिबूड, सुपारीचा घोस. काही आया म्हणाल्या, सांगू नका टीचर, ल्हान आसत. मी मान हलवली. मुलांना म्हटलं, बाईंना बरं नाही.

माटोळी बांधूया म्हटलं तर एक जण तयार नाही.
"बाई येवंदी."
"येतंय म्हणालेली."
फळं तशीच टेबलावर. तवशी पिवळी पडायला लागली.

आज सकाळी विभाची आई गेटवर म्हणाली, "येतंय हां."
विभाने तिचा कुर्ता घट्ट धरला.
"तू येतंय म्हणू नको. बाईन म्हटलेला, आणि येवक नाय."

आई माझ्याकडे बघत राहिली. तिला बस गाठायची होती. गेली नाही.

मग मी सगळ्यांना चटईवर बसवलं आणि सांगितलं. बाई मेल्या. आता त्या येणार नाहीत.
माझा आवाज रोजच्या हजेरीचा होता.

"मगे येतंय कित्याक म्हणाली?" मागून कोणीतरी विचारलं.
मला जे सुचलं ते बोलले. त्यांना माहीत नव्हतं. त्या चुकल्या.

आता, बाईंची एक सवय होती. फळ्यावर मुद्दाम चुकायच्या. गायीला दोन शेपट्या काढायच्या, आणि मुलं बोंब मारून सुधारायची. चूक सापडली की सुधारायची, हे आमच्या मुलांना पाठ.

विभा उठली. बाईंच्या रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली.
"बाई, चुकलंस. येतंय नाय. जातंय."

कोणी हसलं नाही. मग बाकीची उठली. एकेक जण खुर्चीपाशी जाऊन सांगून आला, "जा हां बाई."
दारात उभ्या विभाच्या आईने तोंडाला ओढणी लावली होती.

विभा तिच्याकडे वळली. "आता तू म्हण."
"येतंय," ती कशीबशी म्हणाली.
"ये," विभा म्हणाली, आणि पिवळं तवशं उचलून माझ्याकडे घेऊन आली. माटोळी बांधायला.

दुपारी शाळा सुटायच्या आधीच तिची आई गेटवर हजर.

या महिन्याचा मेसेज आता मला करायचाय. तीनदा रेकॉर्ड करून पुसला. माझ्याने ओरडवत नाही, म्हणून इथेच लिहिते, पालकांनो, वाचा.
नखं कापा. रुमाल पिनेने लावा. मुलांना सांगून निघा. आणि येतंय म्हटलंत तर या.

बाई, तुम्हाला आजवर कधी हा शब्द म्हटला नव्हता.
जावा.
पोरांक मी बघतंय.